पारबताच्या नावाचा पास

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दोरी. बाजेची दोरी. जेठ महिना होता. पारबता निंबाखाली बसून अंबाडीच्या सालीचा वाक पुरवत होती आणि मी दुसऱ्या टोकाला लाकडी आकडी फिरवत मागं मागं सरकत होतो. दोरी एकट्यानं होत नाही. एकानं वाक पुरवायचा, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. जाडी पुरवणाऱ्याच्या हातात असते, म्हणून ते काम तिचं. माझ्या हातची दोरी एका जागी बोटाएवढी अन् दुसऱ्या जागी सुतळीएवढी होते, असं ती म्हणायची. खोटं नव्हतं.

पंधरा-सोळा हात झाली आणि ती म्हणाली, "राहू द्या जी, हात खाजते. बाकीची उद्या."

मी आकडी दोरीसकट खुंटीला अडकवली. उद्या पाहुणे आले. मग पेरणी आली. मग धानाचा रोवणा. रोवण्यात तिला ताप भरला आणि चौथ्या दिवशी बाई गेली. दोरी खुंटीलाच राहिली. पोरगी कुरखेड्याला दिलेली, घरात मी एकटा. बाजेचं नुसतं लाकूड उभं होतं, मी खाली निजायचो.

हे चंद्रपूरच्या खेळाचं लिहायला बसलो आणि आधी दोरीच आली. येऊ द्या. गावातले जे आले नाहीत ते रोज विचारतात, काय पाह्यलं, काय खाल्लं. सांगून सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहितो. मी चौथी शिकलो आहे. चुका निघाल्या तर काढा.

आधार आणजो

लहानू आमच्या ग्रामसभेचा सचिव. लहानपणापासूनचा दोस्त, पण दोस्त म्हणून कोणाचं सगळंच खरं मानायचं नसतं. पारबता गेल्यापासून तो एकच गोष्ट धरून बसला होता. मयताचा दाखला दे, पारबताबाईचं नाव कमी करायचं आहे. यादीतून, रेशनच्या कार्डावरून, आणि वनहक्काच्या पट्ट्यावरून.

पट्ट्याचं सांगतो. जंगलाकाठची आमची चार बांध्यांची जमीन सरकारनं आमच्या नावानं करून दिली, तेव्हा कागदावर दोघांचं नाव घातलं. दोघांचा एकत्र फोटोही आहे. ती त्यात डोळे मिटून आहे. त्या कागदाचं काही करायचं तर दोघांच्या सह्या लागायच्या. मी म्हणायचो, आता आपल्याला कोणी फसवत नाही, कारण एकाला फसवलं तरी दुसरा राहतो. ती हसायची. ती सगळ्यांवर विश्वास ठेवायची, मी कोणावरच नाही. आता नाव कमी झालं की कागदावर मी एकटा. एकट्या बुड्याची सही घ्यायला किती वेळ लागतो? शिवाय दुसरी गोष्ट अशी, की मला ते नाव कमी करायचंच नव्हतं. ही दुसरी गोष्ट मी लहानूला सांगितली नव्हती.

धान निघाल्यावर एका संध्याकाळी तो आला. म्हणाला, "चाल चंद्रपूरले. आपल्या कवडूचा जावई खेळते थो खेळ पाहाले."

"कोणता खेळ?"

"बेसबॉल."

"खर्च?"

"काईच नाई. पास फुकट, जेवण फुकट, गाडी रशीदभाईची. फक्त आधार आणजो."

फुकट गाडी, फुकट जेवण आणि आधार कार्ड! मी एवढी वर्षं जगलो आहे. गाडी भरून कुठं कुठं नेतात ते मला माहीत आहे. टोपी देतात, पुरीभाजी देतात, एका वहीवर सही घेतात, आणि दोन महिन्यांनी कळतं की तुम्ही कशाला तरी हो म्हटलं.

मी म्हटलं, "आधार कायले?"

"गेटवर पाहतेत म्हणे. काऊन, भेव लागते का?"

भेव लागते म्हटलं असतं तर त्यानं गावभर सांगितलं असतं. म्हणून गेलो. आधार बंडीच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून पिन लावली.

धानोरा ते मूल

रशीदभाईचं धानोऱ्याला टायरचं दुकान आहे आणि एक जुनी काळी-पिवळी. थंडी अशी की गाडीच्या काचेवर आतून पाणी. पुढं रशीदभाई आणि कवडू, मागं मी आणि लहानू. लहानूच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. मी ती पिशवी पाहून ठेवली.

कवडूच्या मांडीवर डबा होता. त्याच्या बाईनं जावयासाठी तांदळाच्या पिठाचे आयते, धिरड्यासारखे, करून दिले होते. कवडू वनखात्यात चौकीदार होता. वाघ पाहिलेला माणूस, पण जावयाला घाबरतो.

"लगन जुळवताना थो म्हणे, मले नोकरी आहे," कवडू सांगत होता. "मी म्हटलं, कोणती? तं म्हणे, चेंडू फेकाची. मले वाटलं मजाक करून राह्यला. पोरगी देऊन बसलो, मंग समजलं का खरंच चेंडू फेकते."

रशीदभाई म्हणाले, "अन् पगार मिलतो ना, भाऊ?"

"भेटते."

"तो फिर? मी वीस साल से टायर फेकून राह्यलो, मले कोणी पगार देल्ला?"

गडचिरोलीत शिरलो आणि गाडी थांबली. कुठं थांबावी? बरोबर सरकारी कचेरीच्या समोर. लहानू पिशवी घेऊन खाली उतरला. कवडू उतरला. रशीदभाई उतरले. "उतर ना गा," लहानू म्हणाला. मी दरवाज्याची कडी आतून धरली. म्हटलं, आलं ध्यानात. खेळ वगैरे काही नाही, हा कचेरीचाच खेळ आहे.

"मी नाई उतरत."

"काऊन?"

"तुले माहीत आहे काऊन."

रशीदभाई खिडकीत आले. तोंडात खर्रा, हातात जॅक. "भाऊ, पंक्चर आहे. मागचा चाक. तुम्ही बसले तरी गाडी उचलीन, पर माह्या कमरेवर थोडी दया करा."

मी वाकून पाहिलं. चाक खरंच बसलं होतं. तरी उतरून मी कचेरीकडं पाठ केली आणि चाक बदलेपर्यंत तसाच उभा राहिलो. टायरचं दुकान चालवणाऱ्याच्या गाडीत जादा टायरही घासलेलाच निघाला, हे इथं लिहून ठेवतो, कारण रशीदभाई म्हणाले होते की हे लिहू नका.

पुढं वैनगंगा लागली. पुलावरून पाणी खूप खाली दिसत होतं, मधे वाळूचं बेट, त्यावर बगळे. पलीकडं चंद्रपूर जिल्हा. पलीकडचे धानाचे पुंजणे आपल्यापेक्षा मोठे रचतात. रस्त्याकाठी लाखोळी फुलली होती, निळी. पारबता असती तर गाडी थांबवून भाजीला शेंडे खुडले असते, कोणाच्या का शेतातले असेनात, आणि मालक आला तर त्यालाच बसवून गोष्टी केल्या असत्या.

मूल सोडल्यावर जंगल. कवडूनं तीन ठिकाणी वाघ दाखवला. एक दगड होता, एक गाय होती, एक काहीच नव्हतं.

गेटवर

चंद्रपुरात हवेत कोळशाचा वास येतो. तिथल्या लोकांना तो येत नाही. विचारलं तर म्हणतात, कोणता वास?

मैदानाच्या दारात गाड्याच गाड्या, आणि आमच्यासारखेच गावोगावचे लोक. एका म्हाताऱ्याला विचारलं, कोणाची सभा आहे? तो म्हणाला, "मले काय माहीत, गाडीत बसवलं अन् आणलं." तेव्हा माझी खात्रीच झाली.

आतल्या बाजूला टेबल, टेबलावर वही. वहीच! खुर्चीवर शहरातली पोरगी, पंचवीसेक वर्षांची. लहानूनं पिशवीतून यादी काढून तिला दिली. ती नाव वाचायची, माणूस पुढं व्हायचा, आधार दाखवायचा, सही करायचा. मग मनगटाला कागदी पट्टी, डोक्याला लाल टोपी आणि हातात जेवणाचा डबा.

माझं नाव आलं. मी म्हटलं, "सही कायची?"

"काका, डबा मिळाल्याची."

"वर काय लिहिलं आहे ते वाचून दाखव."

तिनं वाचलं. डबे मिळाले, टोप्या मिळाल्या, एवढंच होतं. मी म्हटलं, "मागचं पान." तिनं मागचं पान दाखवलं. कोरं होतं. कोऱ्या पानाचं मला जास्त भेव. मागं रांगेत लोक कुरकुरायला लागले. "डबा नको, सही नाही," असं मी सांगणार होतो, तेवढ्यात तिनं खालचं नाव वाचलं.

"पारबताबाई?"

मी पोरीकडं पाहिलं. तिनं पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं बरोबर. रांगेतली एक बाई इकडं तिकडं पाहायला लागली, कोण पारबता म्हणून. सहा महिन्यांत तिचं नाव कोणी असं हाक मारल्यासारखं घेतलं नव्हतं. घेतलं तर 'बिचारी' लावूनच.

लहानूचं तोंड राखेसारखं झालं. कवडू टोपीकडं पाहत राहिला.

"आल्या नाहीत का त्या?" पोरगी म्हणाली.

"नाई आली," मी म्हटलं.

"मग काट मारू का?"

"नको."

मी बंडीच्या खिशाची पिन काढली, आधार दाखवलं आणि सही केली. माझ्या नावापुढं एक आणि तिच्या नावापुढं एक. मागचं पान कोरं होतं तरी केली. पोरीनं दोन डबे, दोन टोप्या, दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या.

खेळ

बसायला सिमेंटच्या पायऱ्या, त्यावर नंबर. माझ्या शेजारचा नंबर पारबताचा. तिथं तिचा डबा ठेवला, डब्यावर टोपी. एक जाडा माणूस आला. "इथी कोणी आहे का?"

"आहे."

लहानू पलीकडं बसला होता. मी तोंड मैदानाकडं ठेवलं.

आता खेळ. जमिनीवर चौकोन, पण टोकावर उभा केलेला. तीन कोपऱ्यांत पांढऱ्या उशा, चौथ्यात पाट. पाटाजवळ एक जण गोल दांडा घेऊन उभा. मधे मातीच्या उंचवट्यावर चेंडू फेकणारा, तोच कवडूचा जावई. दांड्यानं चेंडू मारायचा आणि तिन्ही उशांना पाय लावत पाटावर परत यायचं, म्हणजे एक धाव. मधे उशीवर पाय असला तर तुम्हाला कोणी काही करू शकत नाही. पाय सुटला की गेले. आपल्या आट्यापाट्यांसारखंच, फक्त कपडे महाग.

पाटामागं एक जण उकिडवा बसतो. तोंडाला जाळी, उंदराच्या पिंजऱ्यासारखी. तो मांड्यांच्या मधे लपवून बोटं दाखवत होता. एक, दोन, मग मूठ. जावई मान हलवायचा आणि मग फेकायचा.

"पाह्य," मी कवडूला म्हटलं, "तुहा जावई मिळालेला आहे. सगळं ठरवून सुरू आहे."

मागच्या पायरीवरचा शहरातला माणूस म्हणाला, काका, ते दोघं एकाच बाजूचे, कोणता चेंडू टाकायचा ते ठरवतात. समोरच्याला कळू नये म्हणून लपवतात. नियमच आहे तसा.

सगळ्यांच्या देखत लपवून बोलायचा नियम! आमच्याकडं तसंच बोलतात, नियम नसताना.

मग पहिल्या उशीवर दुसऱ्या बाजूचा एक जण येऊन उभा राहिला. एक पाय उशीवर, एक पुढं. जावई समोर पाहून फेकायच्या तयारीत, आणि एकदम गर्रकन वळून त्यानं चेंडू पहिल्या उशीकडंच फेकला. तो पळ्या पोटावर पडून परत उशीला चिकटला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा जावयानं खांद्यावरून पाहिलं. पुन्हा फेकला.

मागचा माणूस म्हणाला, तो दुसरी उशी चोरायच्या बेतात आहे. चोरी चालते यात. पकडली नाही तर.

इथून मला खेळ आवडायला लागला. जावई कोणावरच विश्वास ठेवत नव्हता. मी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. बरा माणूस आहे. पोरगी चांगल्या घरी दिली कवडूनं.

मी त्या पळ्यावर डोळा ठेवला. त्याची टाच उचलली तशी मी उभा राहून ओरडलो, "निघाला थो! निघाला!" जावई वळला, चेंडू फेकला आणि पळ्या मधेच धरला गेला. मैदान ओरडलं. कवडू सांगतो की जावयानं माझंच ऐकलं. मला नाही वाटत. एवढ्या लांबून ऐकू येत नाही. पण कवडू सांगतो तर सांगू द्या.

माइकवाला म्हणाला, जोरात आवाज होऊ द्या! तर मागच्या एका गावच्या लोकांनी सवयीनं मुठी वर करून जिंदाबाद म्हटलं. कोणाचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आम्हीही म्हटलं.

मधल्या सुटीत मैदान झाडणारी एक म्हातारी खराटा घेऊन आमच्या पायऱ्यांपाशी टेकायला आली. टेकायला जागा नव्हती. तिनं लाल टोपीकडं पाहिलं. "कोणाची जागा आहे भाऊ?"

"माह्या बाईची."

"कुठी गेली?"

"मेली."

लहानूनं मान खाली घातली. म्हातारी मात्र कमरेवर हात ठेवून विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "तं मंग थे येवपर्यंत बसतो मी. पाय लय दुखून राह्यले."

मला एकदम हसू आलं. कवडू घाबरला, त्याला वाटलं मी रडतो. मी डबा उचलून तिच्या मांडीवर दिला. पोळ्या, आलूची भाजी आणि एक गुलाबजाम. तिनं गुलाबजाम आधी खाल्ला. पारबताही गोड आधी खायची. म्हातारीनं खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत आपल्या दोन्ही सुनांच्या गोष्टी सांगितल्या आणि डबा पुसून परत दिला. टोपी तिनं मागितली नाही, मी दिलीही नाही.

शेवटी जावयाची बाजू हरली. तो घाम पुसत भेटायला आला, पाया पडला, आणि उभ्याउभ्या सहा आयते खाल्ले.

कवडूनं हळूच विचारलं, "जावईबापू, हरल्यावर बी पगार भेटते का?"

"भेटते मामाजी."

"मंग जिंकता कायले?"

जावयाच्या तोंडात आयता होता.

पिशवी

परत निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मूल आलं तसा मी लहानूकडं वळलो. मग म्हटलं, "लहानू, थे नाव तू मुद्दाम लिहिलं."

"नाई गा."

"मले तिथी सगळ्यांसमोर आणून तिचं नाव काटाले लावाचं होतं तुले."

"नाई म्हटलं ना."

"मंग पिशवीत काय आहे, दाखव."

रशीदभाईंनी आरसा थोडा वाकवला. लहानूनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी कागद काढले. पासचे कागद, आणि सगळ्यांत खाली नाव कमी करायचा अर्ज. माझं नाव भरलेलं. फक्त सहीची जागा रिकामी.

म्हणजे माझा संशय खरा होता. खरा निघाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

"आणला होता," लहानू म्हणाला. "वाटलं, जाता-येता मन हलकं झालं तं विचारीन. गडचिरोलीले गाडी थांबली तवा विचारणार होतो. तू कडी धरून बसला तं हिंमत नाई झाली."

"अन् यादीतलं नाव?"

लहानू खिडकीबाहेर पाहत होता. "थे खरंच चुकीनं झालं. वीस वर्षं झाली यादी लिहून राह्यलो. तुहं नाव लिहिलं का खाली तिचं येते. हात जाते. लिहून झालं तवा पाह्यलं, मंग काट माराले गेलो. नाई मारता आली. तुले रोज म्हणतो कमी कर, कमी कर, अन् मलेच नाई मारता आली."

रशीदभाईंनी आरसा पुन्हा सरळ केला.

मग लहानूच म्हणाला, "तिच्या जागी पोरीचं नाव लागते गा. कुरखेड्याच्या तुह्या पोरीचं. तिचं कमी केल्याबिगर पोरीचं चढत नाई. मंग पुन्हा दोघांच्या सह्या. तुले एकट्याले कोणी फसवू नये म्हणूनच लागलो होतो मी मांगं."

"हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. चार वेळा. तू ऐकते कुठी? तुले वाटते सगळे चोर आहेत."

पुढून रशीदभाई म्हणाले, "चोर तो आहे भाऊ सगळे. पर हा वाला अपना आहे."

दुसरा दिवस

सकाळी मी पेटी उघडली. पारबताच्या लुगड्यांच्या घडीत मयताचा दाखला ठेवला होता. तो घेतला, लाल टोपी तिथं ठेवली, आणि लहानूच्या घरी गेलो. तो दात घासत होता. तसाच वही घेऊन ओट्यावर बसला.

"अर्जावर सही करतो," मी म्हटलं. "पण तुह्या वहीत काट नाई माराची. नाव तसंच ठेव. समोर मयत लिही, अन् खाली पोरीचं नाव घे."

त्यानं तसंच लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्याचं. मी त्याला तिन्ही नावं वाचून दाखवायला लावली, आणि मागचं पानही पाहिलं.

मग म्हटलं, "आता चाल. दोरी धराले माणूस पायजे."

निंबाखाली मी तिच्या जागी वाक घेऊन बसलो. लहानूनं खुंटीवरची आकडी काढली, दोरी ताणली आणि फिरवायला लागला. दोन फेऱ्यांतच तिच्या हातची दोरी मऊ पडून उलगडायला लागली. मी ओरडलो तसा तो घाबरून जागच्या जागी थांबला.

"अरे उलटा पीळ देऊन राह्यला! उजवीकडं फिरव. अन् ताण सोडू नको."

त्यानं उजवीकडं फिरवली. दोरी पुन्हा आवळली. मी हळूहळू वाक पुरवत गेलो आणि तो मागं मागं सरकत कुंपणाला जाऊन टेकला.

दुपारपर्यंत दोरी झाली. तिची जिथं संपते आणि माझी सुरू होते ते बोट लावलं की समजतं. तिची सारखी आहे, माझी गाठाळ. बाज विणताना ती जागा मी उशाकडं घेतली.